विमानाची वेळ आणि घरची वेळ

विमानाने वेळ वाचतो, हे विधान सर्वसाधारणपणे खरे असले तरी ते कोणाच्या वेळेविषयी केलेले असते, याचा विचार क्वचितच होतो. सुरतेहून दिल्ली जेमतेम दोन तासांवर आली आहे. परंतु धडगावहून सुरत किती तासांवर आहे, हा प्रश्न विमानतळाच्या हिशेबात येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. येथील कुटुंबाला विमान गाठण्यासाठी बहुधा राज्याची सीमा ओलांडावी लागते.

दूरच्या शहरी नोकरीस असलेल्या मुलाकडे निघालेल्या आजी-आजोबांचे आणि त्यांच्यासोबतच्या लेकरांचे उदाहरण घ्यावे. सातपुड्याचा घाट उतरून शहादा, प्रकाशे येथे तापी ओलांडून नंदुरबार, आणि तेथून तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर सुरत. वाटेतील नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. सुरतेस उतरल्यावरही विमानतळ शहराबाहेर, डुमसच्या रस्त्यावर. सामान स्वीकारण्याची खिडकी बहुधा उड्डाणापूर्वी तासभर बंद होते. गाडीला उशीर झाला तर सारेच फसणार, म्हणून कुटुंब आदल्या रात्रीच घर सोडते. दोन तासांच्या उड्डाणासाठी एक रात्र खर्ची पडते आणि तिची नोंद कोठेही होत नाही.

विमानतळावर पोहोचल्यावर दुसरा अध्याय सुरू होतो. नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध. लेकाकडे जाताना घरच्या तिखटाची पुडी नेली नाही, तर आईचे मन मानत नाही. परंतु तिखट हातातील पिशवीत चालत नाही. ते मोठ्या सामानात द्यावे लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने नियम रास्तच आहे. खेद इतकाच, की तो तिकीट काढताना कोणी सांगत नाही. तपासणीच्या रांगेत, चारचौघांदेखत पिशवी उघडल्यावर तो कळतो. तोवर मोठे सामान आत गेलेले असते आणि पुडी तेथेच टाकावी लागते.

आसनांचीही तीच कथा. शेजारी-शेजारी बसावयाचे तर अनेकदा वेगळे पैसे मोजावे लागतात. लहान मुले पालकांपासून दूर बसविली जाऊ लागल्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये आदेश दिला, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच तिकिटावरील आई-वडील वा पालकांपैकी एकाजवळ आसन द्यावे. आदेश स्वागतार्ह आहे. परंतु प्रथमच विमानात बसणाऱ्या, पट्टा कसा बांधावा हेही ठाऊक नसलेल्या आजीला आजोबांजवळ जागा मिळण्याची हमी त्यात नाही.

खरा जाच विलंबाचा. महासंचालनालयाने २०१० साली केलेल्या आणि पुढे सुधारलेल्या नियमांत लांबलेल्या उड्डाणाच्या वेळी अल्पोपाहार देण्याची आणि पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास काही परिस्थितींत भरपाईची तरतूद आहे. मात्र ज्याने संपर्काचा तपशील पुरेसा दिला नाही, त्याचा भरपाईवरील हक्क जातो. तालुक्याच्या गावी तिकीट दलालाकडून निघते आणि त्यावर अनेकदा त्याचाच दूरध्वनी क्रमांक पडतो. सूचना दलालाला जाते; कुटुंब मात्र गाडीत असते. आणि सूचना मिळाली तरी तिचे मोल सर्वांस सारखे नाही. उड्डाण चार तास लांबल्याचा निरोप सुरतेच्या रहिवाशाला घरी झोपू देतो. घाट उतरून आलेल्या कुटुंबाला तो बाकावर बसवितो.

यावर जिल्ह्यातच विमानतळ व्हावा, असे कोणी म्हणेल. परंतु धावपट्टी झाली म्हणजे विमान येतेच असे नाही. शेजारच्या जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली सेवा पुढे खंडित झाली आणि पुन्हा सुरू करावी लागली, हा अनुभव ताजा आहे. त्याहून अल्प खर्चाचे उपाय हाताशी आहेत. तिकिटावर प्रवाशाचाच क्रमांक असल्याची खातरजमा कंपनीने करावी. निषिद्ध वस्तूंची यादी तिकिटासोबतच मराठीत आणि गुजरातीत द्यावी. वृद्ध दांपत्याला जादा शुल्काविना एकत्र बसवावे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे उपाहारगृह निघाले. तशी सोय प्रत्येक विमानतळावर व्हावी. रेल्वे आणि विमान यांच्या वेळांचा मेळ घालणारी बस स्थानकापासून असावी.

यांत कोणतीही मागणी अवाजवी नाही. विमान सर्वांसाठी असल्याची घोषणा आपण केली आहे. ती खरी ठरावयाची असेल, तर प्रवासाची मोजदाद विमानतळाच्या दारापासून नव्हे, प्रवाशाच्या उंबरठ्यापासून व्हावयास हवी. सातपुड्यातील उंबरठा दूर आहे, हा त्या कुटुंबाचा अपराध नव्हे.