पीक पाहणीच्या फोनासाठी आवरण व लेखणी

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइल फोन हे औत-अवजारांच्या पंक्तीला बसले. ऐन हंगामात फोन बांधावर पडून फुटला, तर पिकाची नोंद मुदतीत सातबाऱ्यावर जात नाही व पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. यास्तव परंडा तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनी आवरण घेताना रंगापेक्षा कडा पाहाव्यात. कड पडद्याहून व कॅमेऱ्याच्या भिंगाहून किंचित उंच असावी, म्हणजे फोन पालथा पडला तरी मार कडेवर बसतो. जाड कोपऱ्यांचे लवचीक आवरण रानात पुरेसे होय. धातूचे घेऊ नये. त्याने उपग्रहाचा संकेत क्षीण होऊन गटाचे स्थान चुकू शकते. लोहचुंबकाच्या झाकणाने फोनातील होकायंत्र फसते. उन्हाळ्यात जाड आवरणात उष्णता कोंडते, म्हणून चार्जिंगच्या वेळी ते काढावे.

मोठ्या फोनाचा किंवा टॅबलेटचा पडदा ओल्या, चिखलाच्या बोटाला नीट दाद देत नाही. तेथे रबरी टोकाची साधी लेखणी कामी येते. तिला विजेरी लागत नाही. विजेरीची लेखणी मात्र ठरावीक टॅबलेटवरच चालते, तेव्हा ती दुकानातच चालवून पाहावी.

कळफलकाची एकट्या शेतकऱ्यास गरज नाही. ते पैसे बियाण्यास लावावेत. बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या भगिनींस तो उपयुक्त ठरेल. इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताखाली व बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली असल्यास सराव लवकर होतो.