सोन्याच्या पत्र्यांचा ग्रंथ आणि मेलेल्यांची नोंदवही

२७ नोव्हेंबर १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने इजिप्शियन पपायरसचे काही जीर्ण तुकडे मॉर्मन चर्चच्या हवाली केले. हे तुकडे १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाले, असेच सगळे धरून चालले होते. ते म्युझियमच्या कपाटात असल्याचे युटा विद्यापीठातले प्राध्यापक अझीझ अतिया यांच्या नजरेस आले. सोबत १८५६ सालचे विक्रीपत्रही होते आणि त्यावर सही होती एमाची, म्हणजे मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या विधवेची. तुकडे तेच, याबद्दल शंका उरली नाही.

त्यांची मूळ हकीकत अशी. १८३५ च्या जुलैत ममी दाखवत गावोगाव फिरणारा मायकेल चँडलर नावाचा माणूस ओहायोतल्या कर्टलंडला आला. स्मिथ आणि त्याच्या मंडळींनी २४०० डॉलर मोजून त्याच्याकडून चार ममी आणि त्यांच्यासोबतच्या गुंडाळ्या विकत घेतल्या. त्यांतल्या एका गुंडाळीत खुद्द अब्राहमाचे लेखन आहे असे स्मिथने जाहीर केले आणि १८४२ मध्ये आपले ‘भाषांतर’ छापले. त्या काळी अमेरिकेत इजिप्शियन लिपी वाचणारे कोणी नव्हते. आज ‘बुक ऑफ अब्राहम’ हा मॉर्मन धर्मग्रंथांचा अधिकृत भाग आहे.

तुकडे सापडल्यावर जॉन विल्सन, रिचर्ड पार्कर, क्लाउस बेअर अशा नावाजलेल्या इजिप्ततज्ज्ञांनी ते वाचले. अब्राहमाचे त्यात नावही नव्हते. थेब्समधल्या होर नावाच्या पुजाऱ्याच्या ममीबरोबर ठेवलेला एक ‘श्वासाचा परवाना’ त्यांत निघाला. मेलेल्याला परलोकात पुन्हा श्वास घेता यावा, देवांच्या दारातून आत जाता यावे, म्हणून लिहून दिलेला कागद. काळ टॉलेमी राजांचा, म्हणजे अब्राहमाचा जो काळ मानतात त्याच्या कितीतरी शतके नंतरचा. २०१४ मध्ये चर्चने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या निबंधात मान्य केले की या तुकड्यांवरील अक्षरांचा आणि छापील मजकुराचा मेळ बसत नाही. श्रद्धावान अभ्यासकांकडे त्यावर दोन उत्तरे आहेत: एक, अब्राहमाचा भाग हरवलेल्या गुंडाळीत असेल, दोन, पपायरस केवळ निमित्त होता, मजकूर थेट ईश्वराकडून आला. दुसरे उत्तर खोडता येत नाही. माझ्या मते तीच त्याची सोय आहे आणि तीच त्याची अडचण.

धर्मग्रंथ आणि पुरावा यांची अशी समोरासमोर गाठ क्वचित पडते. वेद कोणी कुठे लिहून घेतले याची पावती कोणी मागत नाही, कारण ती असण्याची शक्यताच नाही. मॉर्मन धर्म जन्मला तो छापखाने, वर्तमानपत्रे आणि कोर्टकचेऱ्यांच्या काळात. त्याच्या प्रत्येक दाव्याला तारीख आणि पत्ता आहे.

स्मिथचा जन्म १८०५ मधला, व्हरमाँटचा. कुटुंब कर्जात बुडालेले, शेती बेभरवशाची. ते न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावाजवळ येऊन राहिले. आसपास धर्मप्रचाराच्या सभांचा नुसता धुरळा उडालेला, आणि जमिनीत पुरलेला खजिना विशिष्ट दगडातून पाहून सापडतो यावर पुष्कळांचा विश्वास. स्मिथ स्वतः असे खजिने शोधून देण्याचे काम करी. १८२३ मध्ये मोरोनाय नावाच्या देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा सांगितली आणि १८२७ मध्ये ते पत्रे हाती आले, असे त्याचे म्हणणे. हॅटमध्ये दगड ठेवून, तोंड त्यात खुपसून तो मजकूर सांगे आणि लेखनिक लिहून घेई. चर्चच्या चित्रांत मात्र वर्षानुवर्षे स्मिथ पत्र्यांवर बोट फिरवत बसलेला दिसे. त्या दगडाचे छायाचित्र चर्चने छापले ते २०१५ मध्ये.

‘बुक ऑफ मॉर्मन’ मार्च १८३० मध्ये पालमायरात छापून निघाले. ५००० प्रती, खर्च ३००० डॉलर, त्यासाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याची जमीन गहाण. कथा भव्य आहे. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास लेही नावाचा संदेष्टा जेरुसलेम सोडून कुटुंबासह अमेरिकेला येतो, त्याच्या वंशजांची दोन राष्ट्रे होतात, पुनरुत्थानानंतर ख्रिस्त तिथे अवतरतो आणि अखेर यादवी युद्धात एक राष्ट्र नामशेष होते. शाळेतही फारसा न गेलेल्या तरुणाने काही महिन्यांत हे सांगून लिहवून घेतले, ही गोष्ट मी हलकी मानत नाही. पत्रे पाहिल्याची साक्ष देणाऱ्या तीन प्रमुख साक्षीदारांचे पुढे स्मिथशी फाटले, तिघेही एकेकाळी चर्चबाहेर पडले, पण ती साक्ष त्यांनी मागे घेतली नाही. मॉर्मन माणूस हा मुद्दा हमखास काढतो, आणि त्याने काढावाच.

पण जमीन काही साथ देत नाही. ग्रंथात घोडे आहेत, पोलाद आहे, गहू आहे, एके ठिकाणी हत्तीसुद्धा. त्या काळच्या अमेरिकेच्या मातीत त्यांचा माग लागत नाही. बायबलच्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीतले यशयाचे अध्यायच्या अध्याय त्यात उतरले आहेत, आणि त्यांतला काही भाग तर विद्वानांच्या मते लेही निघून गेल्यानंतर रचला गेला. मूळ अमेरिकनांचा डीएनए आशियाकडे बोट दाखवतो. २००६ मध्ये चर्चने ग्रंथाच्या प्रस्तावनेतला शब्द गुपचूप बदलला: ग्रंथातले लोक मूळ अमेरिकनांचे ‘प्रमुख पूर्वज’ होते, ते ‘पूर्वजांपैकी’ झाले.

शंका घेणारे सगळे बाहेरचे नव्हते, हे मला या इतिहासात सर्वांत रंजक वाटते. चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक, बी. एच. रॉबर्ट्स यांनी १९२२ च्या सुमारास ग्रंथावरचे कठीण प्रश्न स्वतःच मांडून काढले. १८२३ साली छापलेल्या ‘व्ह्यू ऑफ द हिब्रूज’ या पुस्तकाशी त्याचे साम्यही तपासले. त्यांनी श्रद्धा जाहीरपणे सोडली नाही आणि हस्तलिखितही छापले नाही. ते निघाले १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. फॉन ब्रोडी या इतिहासकार बाईंनी १९४५ मध्ये स्मिथचे चरित्र लिहिले, तर पुढच्याच वर्षी त्यांना चर्चमधून काढले. आणि थॉमस फर्ग्युसन हा वकील! ग्रंथातली शहरे खणून काढायचीच या जिद्दीने त्याने १९५० च्या दशकात एक पुरातत्त्व संस्था उभारली, चर्चने पैसा दिला. मेक्सिकोत उत्तम उत्खनन झाले, पण ग्रंथातले एकही शहर निघाले नाही. त्यातच पपायरस वाचले गेले आणि फर्ग्युसनचा विश्वास गेला. चर्चचे सदस्यत्व मात्र त्याने मरेपर्यंत सोडले नाही.

का सोडले नसेल? त्याच्या मनातले मला माहीत असायचे कारण नाही. पण या धर्माची खरी पकड पत्र्यांत नाही, थडग्यापाशी आहे, असे मला वाटते.

नोव्हेंबर १८२३ मध्ये, देवदूताच्या दर्शनानंतर दोन महिन्यांनी, स्मिथचा थोरला भाऊ आल्विन वारला. वय पंचविशीचे, घराचा कर्ता मुलगा. अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याने सूचित केले की बाप्तिस्मा न घेतलेला हा मुलगा नरकात गेला असणार. ही जखम त्या घरात भरून आली नाही. १८३६ मध्ये कर्टलंडच्या मंदिरात स्मिथला दर्शन झाले, त्यात आल्विन सर्वोच्च स्वर्गात होता. १८४० मध्ये स्मिथने शिकवले की जिवंत माणूस मेलेल्यासाठी बाप्तिस्मा घेऊ शकतो. आधार म्हणून बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला एक गूढ उल्लेख होता. लोक मिसिसिपी नदीत उतरून आपल्या आईबापांसाठी, भावंडांसाठी बुड्या घेऊ लागले. आल्विनसाठी उतरला तो हायरम, दुसरा भाऊ.

आता गंमत पाहा. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये यातले काहीच नाही. तिथला परलोक जुन्या प्रोटेस्टंट वळणाचा आहे: इकडे स्वर्ग, तिकडे नरक, आणि मेल्यावर सुधारायला संधी नाही, हे बजावून सांगितलेले. तीन वैभवांचा परलोक आला १८३२ च्या दर्शनात. सूर्यासारखा सर्वोच्च लोक, चंद्रासारखा मधला, ताऱ्यांसारखा खालचा. खोटारडे आणि व्यभिचारीसुद्धा शिक्षा भोगून शेवटी खालच्या लोकात पोचतात आणि तोही पृथ्वीपेक्षा उजवाच. कायमचा अंधार फार थोड्यांच्या वाट्याला. त्या वेळच्या ख्रिस्ती मनाला ही उदारता इतकी जड गेली की काहींनी पंथ सोडला, आणि पुढे पंथाचा नेता झालेल्या ब्रिगम यंगलाही ती पचवायला वेळ लागला. स्मिथचे आजोबा सर्वांना मुक्ती मिळते असे मानणारे होते, स्वीडनबोर्ग या गूढवाद्यानेही तीन स्वर्ग वर्णिले होते, असे संशयवादी दाखवून देतात. म्हणजे ज्या ग्रंथावर सगळा वाद आहे त्यात लोकांना प्रिय असलेला परलोक नाही, आणि तो परलोक कुठल्याही फावड्याने खणून खोटा ठरवता येत नाही. तरी दोघांची दोरी एकच: ग्रंथ बनावट, तर स्मिथ संदेष्टा नाही, संदेष्टा नाही, तर मेलेल्यांना जोडण्याचा अधिकारही नाही.

१९१८ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झाची साथ एकदम चालू असताना, चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी मृतांच्या जगाचे दर्शन झाल्याचे सांगितले. हे हायरमचे चिरंजीव; त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचा मुलगा गेला होता. त्या दर्शनात मेलेले चांगले लोक मेलेल्या अजाणांना धर्म शिकवत होते. आपल्या श्राद्धाशी याचे नाते जाणवते, पण एक फरक मोठा आहे: इथे मृताला नाही म्हणायची मुभा आहे. विधी होतो, स्वीकारायचा की नाही ते पलीकडचा आत्मा ठरवतो.

विधीसाठी नाव लागते, नावासाठी नोंद लागते. म्हणून १८९४ मध्ये युटात वंशावळ संस्था स्थापन झाली, १९३८ पासून जगभरची दप्तरे मायक्रोफिल्मवर उतरू लागली आणि १९६० च्या दशकात सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खोदून चोवीस लाखांच्या आसपास रिळे ठेवायची सोय झाली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा १९७७ पासून या संस्थेने चित्रित केल्या. मराठी मुलखाशीही या पंथाची ओळख जुनी आहे. ह्यू फिंडले हा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुण्याच्या लष्करात प्रचार केला, १८५५ मध्ये ‘मराठ्यां’ना उद्देशून पुस्तिका काढली. फळ फारसे मिळाले नाही.

नावे गोळा करण्याच्या या हव्यासाने इतरांना दुखावलेही. नाझी छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंच्या नावाने बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाल्यावर १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचा करार केला, तरी २०१२ मध्ये अ‍ॅन फ्रँकचे नाव पुन्हा निघाले. त्याच वर्षी गांधीजींच्या नावानेही हा विधी झाल्याचे वृत्त आले. स्वतःच्या पूर्वजांचीच नावे द्यावीत असा नियम आहे. उत्साही लोक तो पाळत नाहीत. ‘मृताला नकाराची मुभा आहे’ हे उत्तर मला इथे अपुरे वाटते. पलीकडे काय होते ते राहो, अलीकडे जिवंत नातेवाईक बसलेले असतात.

आणि परलोक सर्वांना सारखा उघडा नव्हता. स्मिथच्या घरात काम केलेली जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय स्त्री आयुष्यभर मंदिरातल्या विधींसाठी अर्ज करत राहिली. १८९४ मध्ये तिला स्मिथ कुटुंबाशी अनंतकाळासाठी जोडले गेले, पण सेविका म्हणून. कृष्णवर्णीयांवरची ही बंदी उठली १९७८ मध्ये.

आज शंका येणाऱ्या मॉर्मनाचा प्रश्न हत्तीघोड्यांवर सुटत नाही. नवराबायको, आईबाप, मुले मंदिरातल्या विधीने अनंतकाळासाठी जोडली जातात. ज्याची श्रद्धा गेली त्याला मंदिराचे प्रवेशपत्र मिळत नाही, आणि पोटच्या मुलीचे लग्न मंदिरात असेल तर तो बाहेर बसतो. आधी नोंदणी लग्न केले तर मंदिरविधीसाठी वर्षभर थांबायची अट अमेरिकेत होती, ती २०१९ मध्ये काढली. तेव्हापासून निदान एका समारंभात सगळ्यांना बसता येते. आपण नास्तिक झालो तर आई मेल्यावर आपली जागा रिकामी पाहील, ही भीती पपायरसच्या अहवालापेक्षा जड असते.

माझा कौल विचाराल तर पत्रे होते असे मला वाटत नाही आणि होरचा कागद अब्राहमाचा नाही याबद्दल शंका नाही. पण स्मिथला निव्वळ भामटा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी आल्विनचे काय ते सांगितलेले नाही. चर्चनेही उशिरा का होईना दप्तर उघडले: २००८ ते २०२३ दरम्यान स्मिथची कागदपत्रे २७ खंडांत छापली, अडचणीची सुद्धा.

डोंगरातल्या त्या रिळांपैकी पुष्कळशी आता फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत. खाते उघडायला पैसे पडत नाहीत, मॉर्मन असावे लागत नाही. घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर जरूर पाहा. फक्त पणजोबांच्या नावाने युटात उद्या कुणी पाण्यात उतरले तर आपल्याला चालेल का, हे नाव भरण्याआधी घरात एकदा बोलून घ्या.