बसऱ्याला गेलेली पलटण

घरातला कोणी बाजाराला जाऊन लवकर परतला नाही की माझी नानी म्हणायची, ''बसरे कू गया क्या?'' तिचे थोरले चाचा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, ते परतलेच नाहीत. नानीचे माहेर नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले, आमच्या बीड जिल्ह्याच्या शिवेला लागून. 'चाचा मराठा पलटणीत होते,' असे ती अभिमानाने सांगे. मी हे शाळेत सांगितले तेव्हा पोरे हसली. मराठा पलटणीत मुसलमान कसा? मलाही उत्तर देता आले नाही. ते पुढे सैन्याची रचना वाचताना सापडले.

चाचा ज्या फौजेबरोबर गेले तिचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. लॉर्ड किचनेर यांनी 1903 मध्ये हिंदी सैन्याची फेररचना केली, तेव्हा ती उभी राहिली. डिव्हिजन म्हणजे एक चालते-फिरते गावच. तिच्यात तीन ब्रिगेड, सोळावी, सतरावी आणि अठरावी. एका ब्रिगेडमध्ये चार पलटणी, एक गोऱ्यांची आणि तीन हिंदी. अशा बारा पायदळ पलटणी. शिवाय तोफखाना, घोडदळ, पूल बांधणारे खडकीचे बॉम्बे सॅपर्स, दवाखाने, खेचरे, पाणके आणि डोलीवाले. तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती. सोळावीत 117वी, सतरावीत 103वी आणि अठरावीत 110वी.

आता पलटणीच्या आत पाहू. इंग्रज भरती जातीधर्माच्या हिशोबाने करीत. मराठा पलटणीत चार मोठ्या कंपन्या असत. दोन देशावरच्या मराठ्यांच्या, एक कोकणी मराठ्यांची आणि चौथी दख्खनी मुसलमानांची. म्हणजे नाव मराठा असले तरी पलटणीतला साधारण चौथा शिपाई मुसलमान होता. नानी खरे बोलत होती.

नोव्हेंबर 1914 मध्ये ही डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर उतरू लागली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. समोर तुर्कांची फौज होती. तुर्कस्तानचा सुलतान हाच खलिफा, आणि त्याने जिहाद पुकारलेला. मुसलमान शिपायांची मनात काय ओढाताण झाली असेल! पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली डिव्हिजन बगदादच्या रोखाने निघाली. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला मोठी लढाई झाली. तिथेच पैगंबरांचे सहकारी हजरत सलमान फारसी यांची कबर आहे. त्या कबरीच्या आसपास साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. डिव्हिजन मागे हटली आणि कूत या गावी अडकली.

7 डिसेंबर 1915 रोजी वेढा पडला आणि तो जवळजवळ पाच महिने टिकला. रसद संपत आली तेव्हा घोडे आणि खेचरे कापावी लागली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, हिंदी शिपायांनी नाकारले. हिंदूंना ते निषिद्ध, आमच्या हनफी पंथातही टाळण्याजोगे. शिवाय गावी कळले तर सोयरीक कोण करणार, ही धास्ती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्राने मागवली, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत तयार झाले नाहीत. तोवर मांसाविना राहिलेल्या शिपायांत स्कर्व्ही पसरला होता. विमानांतून धान्याची पोती टाकली, पण ती पुरणार कशी? सुटका करायला आलेल्या फौजेची सुमारे 23 हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. अखेर 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसांनी शरणागती पत्करली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवले. शिपायांना वाळवंट तुडवीत नेले आणि रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत गेले. त्या युद्धात ही डिव्हिजन पुन्हा उभी राहिली नाही.

1929 मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या आयोगाने 2021 मध्ये हा दुजाभाव मान्य करून माफी मागितली.

दगडावरच्या त्या एखाद्या आकड्यात नानीचे चाचाही असतील. त्याच आकड्यात देशावरचा कोणी मराठा असेल, कोणी कोकणी असेल. भरती करताना ज्याची त्याची जात विचारून वेगवेगळ्या कंपनीत घातले होते. मेल्यावर मात्र कोणाचे नावसुद्धा विचारले नाही. सगळ्यांची मिळून एकच बेरीज केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)