पंखे फिरतात, पण संगणक उठत नाही

‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘फॉरमॅट मारावं लागेल’. घरातला डेस्कटॉप सुरू होईनासा झाला, की दुरुस्तीच्या दुकानात बरेचदा या दोनपैकी एक निकाल कानावर पडतो. पहिल्यात काही हजार रुपये जातात. दुसऱ्यात मुलांचे फोटो, जुने हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध जातो. बटण दाबल्यावर दिवे लागतात, पंखे फिरतात, पण विंडोज काही येत नाही, अशा संगणकाबाबत हे दोन्ही निकाल फार घाईने दिले जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. बटण आणि विंडोज यांच्या मधे बरंच काही ठरलेल्या क्रमाने घडतं, आणि आधीचा टप्पा पार पडल्याशिवाय पुढचा सुरूच होत नाही. काम नेमकं कुठे अडलं एवढं कळलं, तरी बऱ्याच शक्यता आपोआप बाद होतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो फिरता पंखा. त्याला १२ व्होल्ट मिळाले की पुरे. बाकीच्या यंत्राचं काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. १९९५ साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत, भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, जांभळ्या तारेतून मदरबोर्डला ५ व्होल्ट देतच असतो. कॅबिनेटवरचं बटण दाबलं की मदरबोर्ड हिरव्या तारेवरून त्याला इशारा करतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. पंखे फिरू लागतात ते याच क्षणी. प्रोसेसर मात्र अजून रोखून धरलेला असतो. सगळे पुरवठे स्थिरावले, की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एसएमपीएस करड्या तारेवर ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो आणि मगच प्रोसेसरला मोकळीक मिळते. आतले कपॅसिटर फुगले असतील, तर हा संकेत येत नाही, किंवा येऊन लगेच जातो. पंखे फिरत राहतात आणि आपल्याला वाटतं, वीज तर व्यवस्थित आहे.

प्रोसेसरच्या विजेची वाटही वेगळी. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, ४ किंवा ८ पिनांचा एक जोड असतो. तिथून येणाऱ्या १२ व्होल्टचे शेजारची सर्किटं साधारण १ व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. साफसफाईनंतर हा जोड लावायचा राहिला, की पंखे जोरात आणि पडदा काळा. तो बघणं सोपं आहे, म्हणून आधी तोच बघावा. एसएमपीएसचं डबडं मात्र घरी कधीही उघडू नये. आपल्या २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात.

मोकळीक मिळालेल्या प्रोसेसरला ना पडदा ठाऊक असतो, ना डिस्क, ना रॅम. परक्या गावात उतरलेल्या माणसाच्या खिशात एकच पत्ता असावा, तशी त्याची अवस्था असते. १९८१च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर १ एमबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे जाऊन पहिली आज्ञा वाचायचा. पुढच्या इंटेल प्रोसेसरांनी हीच पद्धत ठेवली, फक्त हद्द ४ जीबीची झाली. त्या पत्त्यावर मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्रॅम असतो: पूर्वीचा बायोस, आताचा यूईएफआय. हा प्रोग्रॅम चालू होतो तेव्हा रॅम अजून वापरण्याजोगी झालेलीच नसते. त्यामुळे तो प्रोसेसरच्या पोटातली कॅश तात्पुरती रॅम म्हणून वापरतो आणि तिच्या आधाराने खऱ्या रॅमची जुळणी करतो. एएमडीच्या अलीकडच्या प्रोसेसरांत हेच काम आतला एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर आधीच उरकून ठेवतो. दोन्ही युक्त्या मला अतिशय सुंदर वाटतात.

जुळणी म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या विजेच्या स्पंदांची वेळ अचूक बसवणं. डीडीआर५ रॅम नव्याने लावली, तर पहिल्या वेळी यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. अनेकजण घाबरून याच वेळी बटण दाबून यंत्र बंद करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रॅम बदलली असेल, तर १०-१५ मिनिटं हात आवरावा.

काळ्या पडद्याचं सर्वात नेहमीचं कारणही रॅमच आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बंद पडून राहिलेला संगणक गणपतीच्या सुमारास सुरू करायला जावं आणि ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणावं, हे दुरुस्तीवाल्यांच्या चांगल्या ओळखीचं. दमट हवा आणि धूळ यांचा पातळ थर रॅमच्या सोनेरी टोकांवर बसतो. त्यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे खोडरबर. तो लागू पडतो, यात शंका नाही, पण टोकांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबर तो खरवडतं. प्लग काढून, रॅम नुसती बाहेर काढून पुन्हा घट्ट बसवली तरी टोकं खोबणीतल्या पट्ट्यांवर घासतात आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. न भागल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घ्यावं. दोन रॅम असतील तर एकेकच लावून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

मदरबोर्ड स्वतःहून काही सांगत असेल, तर तेही ऐकायला हवं. आयबीएम पीसी सगळं ठीक असल्यास एक छोटा ‘बीप’ देत असे. पुढे बीपांची भाषा कंपनीगणिक वेगळी झाली. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. आता बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. त्यातला जो लागून राहतो, तिथे काम अडलेलं असतं. दिवेही नसतील तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहावं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे आणि दोष बहुधा दाखवण्यात आहे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला तर लावलेली नाही ना, हेही बघावं. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे, त्यात ग्राफिक्सची सोयच नसते. तिथे मदरबोर्डच्या जोडावर चित्र कधीच येणार नाही.

पडद्यावर कंपनीचं चिन्ह दिसलं आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं आलं, तर आनंदच मानावा. वीज, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळं पास झालेलं आहे. इथे मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपलेला असू शकतो. तसं असेल तर तारीख मागे जाते आणि काही मदरबोर्डांवर डिस्कची सेटिंगही मूळपदावर येते. दहा मिनिटांत बदलता येणाऱ्या या सेलपायी डिस्क ‘गेली’ ठरवू नये.

फॉरमॅटला माझा विरोध आहे तो याच टप्प्यावर. यूईएफआय विंडोज सुरू करण्यासाठी डिस्कवरच्या एका वेगळ्या छोट्या विभागातली फाइल शोधतो. हा विभाग बऱ्याचदा १०० एमबीचा असतो. तो बिघडला, तरी शेजारच्या विभागातले आपले फोटो जागच्या जागी असतात. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून ते उतरवून घेता येतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच वेळी असे अडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. त्या संगणकांचं हार्डवेअर धडधाकट होतं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल विंडोजच्या गाभ्यासोबत लोड होत होती आणि विंडोज तिथेच कोसळत होतं. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढून टाकणं. त्यासाठी डिस्क फॉरमॅट करण्याची गरज नव्हती.

अनेक यंत्रांवर मात्र हा सोपा उपायही आणखी एका दारापाशी अडला: बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. विंडोज ११च्या बऱ्याच संगणकांत डिस्कवरची माहिती आपण न सांगताही सांकेतिक रूपात ठेवलेली असते. मदरबोर्ड बदलला, बायोस अद्ययावत केला, तर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल, तर पेन ड्राइव्हवाला मार्गही बंद. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. यंत्र नीट चालू आहे तेव्हाच ती शोधून वहीत लिहून ठेवावी, आणि ती वही त्या संगणकाच्या टेबलावर ठेवू नये.