बाळाच्या स्वागताची तयारी : बाळंतविड्यात खरोखर काय हवे?

डोहाळजेवण आटोपले की अनेक घरांत यादी करण्यास प्रारंभ होतो. पाळणा, ढकलगाडी, दुधाच्या बाटल्या, त्या निर्जंतुक करण्याचे यंत्र, डझनभर झबली, सुगंधी पावडर, मोहरीची उशी असे करता करता ही यादी लांबत जाते आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचा एका महिन्याचा पगार जन्मापूर्वीच खर्ची पडतो. याउलट, जन्माआधी बाळासाठी एक टोपडेही विकत आणायचे नाही, असा दंडक पाळणारी कुटुंबेही देशात सर्वत्र आढळतात. या दोन्ही घरांतील बाळाच्या गरजा मात्र सारख्याच असतात आणि त्या दुकानदार सांगतो त्याहून पुष्कळ कमी, पण थोड्या वेगळ्या असतात.

जन्मापूर्वी खरेदी न करण्याच्या प्रथेची केवळ अंधश्रद्धा म्हणून बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. ज्या काळी प्रत्येक घराने एखादे तान्हे मूल गमावलेले असे, त्या काळात रिकाम्या पाळण्याचे दुःख टाळण्याचा तो एक मार्ग होता. ती भीती अद्याप पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी २० बालके पहिल्या २८ दिवसांतच दगावली. परंतु ही प्रथा जपते ती मोठ्या माणसांच्या मनाला. जन्मलेल्या बाळाला पुसण्यासाठी कोरडे फडके हाताशी नसेल तर त्याचा तोटा बाळालाच होतो. जुन्या बायकांनी यातून एक शहाणपणाची वाट काढली होती. नवे काही आणायचे नाही, मात्र आजोबांचे धोतर आणि आजीचे सुती लुगडे फाडून, धुऊन, उन्हात वाळवून बाळोती आणि दुपटी तयार ठेवायची. आजचे बालरोगतज्ज्ञही मऊ, सुती, धुतलेले आणि उन्हात वाळवलेले कापडच सुचवतात.

नवजात बाळाच्या गरजा चार शब्दांत सांगता येतात : ऊब, दूध, स्वच्छता आणि वेळेवर उपचार. यांपैकी ऊब ही सर्वांत दुर्लक्षित गरज आहे. आपल्यासारख्या उष्ण देशात बाळ गारठेल कसे, असा प्रश्न सहज पडतो. परंतु बाळ जन्मते ते ओले. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, डोके शरीराच्या प्रमाणात मोठे असते आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची क्षमता त्याच्यात नसते. पंख्याखाली किंवा वातानुकूलित प्रसूतिकक्षात काही मिनिटांतच त्याचे तापमान उतरू लागते. ते ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस या दरम्यान राहणे आवश्यक असते. गारठलेले बाळ नीट दूध ओढत नाही. दूध न मिळाल्याने रक्तातील साखर कमी होते आणि अशक्त झालेले बाळ आणखी गारठते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत हे चक्र फार वेगाने फिरते.

म्हणून रुग्णालयात न्यावयाच्या पिशवीत सर्वांत वर असावीत ती दोन मोठी, धुतलेली सुती फडकी. एकाने बाळाला कोरडे करायचे, ते ओले झालेले फडके बाजूला टाकायचे आणि दुसरे वापरायचे. त्याखाली दोन-तीन टोपडी, पायमोजे, समोरून बांधता येतील अशी सहा-आठ झबली, तीन-चार दुपटी आणि दोन-तीन डझन लंगोट. थंडीच्या दिवसांत एखादी कुंची आणि लोकरीचा स्वेटर पुरेसा ठरतो. मात्र लोकर थेट त्वचेला लागू नये. बाळाला मोठ्या माणसापेक्षा कपड्याचा एक थर अधिक, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. मे महिन्यात नागपुरात जन्मलेल्या बाळाला तीन दुपट्यांत गुंडाळणे हाही अतिरेकच. जन्मल्यावर निदान २४ तास बाळाला आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे साबण आणि शाम्पू पहिल्या दिवसाच्या पिशवीत नसले तरी काही बिघडत नाही.

सर्वांत उत्तम ऊब मात्र बाजारात मिळत नाही. उघड्या बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवून वरून पांघरूण घालण्याची पद्धत कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७८ मध्ये तेथील डॉक्टरांनी सुरू केली. रुग्णालयात काचेच्या उबदार पेट्या अपुऱ्या पडत होत्या, ही त्यामागची अडचण. कांगारू मातृसेवा या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे जगभर स्वीकारली गेली आणि अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मानंतर लगेचच ती सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. वडील किंवा आजीही बाळाला अशी ऊब देऊ शकतात. त्यासाठी लागतो तो फक्त समोरून उघडणारा एक सैल सदरा.

थोडक्या साधनांनी काय साधता येते, याचे उदाहरण महाराष्ट्राजवळच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची काळजी घरोघरी पोहोचवली. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, आईला स्तनपानासाठी मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर औषधोपचार करणे ही या आरोग्यदूतांची कामे. ३९ गावांतील या प्रयोगामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत अशीच गृहभेटींची योजना देशभर हाती घेतली. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंची भेट अपेक्षित असते. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, घड्याळ आणि बाळाचे पांघरूण असते. ढकलगाडी त्यात नाही!

दुधाच्या बाबतीत यादी जवळजवळ कोरीच ठेवता येते. जन्मानंतर तासाभरात स्तनपान, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान, हा सल्ला सर्वज्ञात आहे. पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक. त्यात रोगप्रतिकारक घटक भरपूर असल्याने ते पिळून टाकून देणे हे मोठेच नुकसान होय. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतील आकडे विचार करायला लावणारे आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या या पाहणीत ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्याचे आढळले, परंतु पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. आई रुग्णालयापर्यंत पोहोचली, पण दूध बाळापर्यंत वेळेवर पोहोचले नाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंगी, नातेवाइकांची मध चाटवण्याची घाई, ‘दूध आलेच नाही’ ही समजूत अशी त्याची अनेक कारणे असतात. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांशी आणि घरातील वडीलधाऱ्यांशी याविषयी स्पष्टपणे बोलून ठेवणे, ही दुधाच्या बाटलीपेक्षा अधिक उपयोगी तयारी आहे.

बाटली आधीच घरात असली की पहिल्या रडण्यालाच ती बाहेर निघते. वरचे दूध सुरू झाले की बाळ कमी वेळा अंगावर पिते आणि आईचे दूध त्या प्रमाणात कमी तयार होते. अस्वच्छ बाटलीतून होणारा अतिसार हा वेगळाच धोका. म्हणूनच देशात १९९२ मध्ये अर्भक दूधपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांविषयीचा कायदा करण्यात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांखालील बालकांसाठी असलेल्या या वस्तूंची जाहिरात करण्यास त्यानुसार मनाई आहे. काही वेळा आजारपणामुळे वा बाळ अशक्त असल्याने काढलेले दूध पाजावे लागते. तेव्हा उकळून घेतलेली वाटी व चमचा किंवा मराठी घरातील जुने बोंडले पुरते. दक्षिणेत यासाठी पालडै नावाचे चोचीचे लहान भांडे वापरतात. बाळाला दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरत आहे, असे समजावे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, हे घरच्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.

काही वस्तू न आणणे हीच तयारी. पावडर श्वासातून फुप्फुसात जाऊ शकते. काही काजळ व सुरम्यांत शिसे आढळले आहे. मधातून क्वचित प्रसंगी गंभीर विषबाधा होऊ शकत असल्याने एक वर्षापर्यंत तो देऊ नये. बाळगुटी, ग्राइप वॉटर आणि वावडिंगाचे पाणी यांना पहिल्या सहा महिन्यांत स्थान नाही, हे सांगताना आजीची समजूत काढावी लागते हे खरे. नाळेवर हळद, तेल, राख असे काहीही न लावता ती कोरडी ठेवावी. मोहरीच्या उशीची गरज नाही. बाळाला पाठीवर, सपाट आणि फार मऊ नसलेल्या अंथरुणावर झोपवावे. चाकांच्या पांगुळगाड्यांमुळे होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. एकदाच वापरायच्या लंगोटांचा हिशेब ज्याने त्याने करावा. एका लंगोटाला दहा रुपये आणि दिवसाला आठ असे धरले तरी महिन्याला २,४०० रुपये होतात. प्रवासात आणि रात्री ते सोयीचे, एरवी धुतलेले बाळोते उत्तम.

नवजात बाळासाठी नेमके काय द्यावे, हा प्रश्न सरकारांनाही पडत आला आहे. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी दिली जाऊ लागली आणि १९४९ पासून ती सर्व मातांना खुली झाली. आतले सामान काढल्यावर तीच पेटी बाळाचे अंथरूण होई. मात्र गरोदरपणात लवकर तपासणी करून घेतली तरच पेटी मिळेल, अशी अट होती. खरे बळ या अटीत होते, असे मानण्यास जागा आहे. भारतात तामिळनाडूने २०१५ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांसाठी वस्तूंचे संच देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये अशी योजना आणली.

दुकानात न मिळणाऱ्या गोष्टींची यादी याहून महत्त्वाची. प्रसूती कोठे होणार आणि गुंतागुंत झाल्यास पुढे कोणते रुग्णालय, हे ठरलेले असावे. रात्री दोन वाजता वाहन कोण आणणार? १०२ व १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे माहीत असावीत. नवजात बालकांसाठीचा विशेष काळजी कक्ष सर्वांत जवळ कोठे आहे, हे पाळण्याचा रंग ठरवण्याआधी विचारून घ्यावे. पाळण्यासाठी काढून ठेवलेली रक्कम औषधोपचारासाठी राखून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. सरकारी रुग्णालयात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण विनामूल्य आहे, ही माहितीही अनेकांना नसते.

इंदूर, सुरत, बंगळुरू वा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आजही टिकून आहे. अशा वेळी प्रवास शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगटाची नोंद, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एकाच पाकिटात असावे. माहेरच्या गावातील डॉक्टरांची एक तरी भेट आधी व्हावी. अनोळखी डॉक्टर आणि हरवलेले कागद या दोन गोष्टी प्रसूतीच्या रात्री एकत्र येणे फार महागात पडते.

बाळंतविडा हा मुळात केवळ बाळाचा नव्हताच. त्यात डिंकाचे लाडू, खारीक, सुंठ आणि आईसाठी लुगडे असे. आजच्या याद्यांतून आई जवळजवळ हद्दपार झाली आहे. उपरोक्त पाहणीत गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तेव्हा प्रसूतीपूर्वीच्या लोहाच्या गोळ्या हीदेखील बाळाचीच तयारी. पॅड, स्तनपानास सोयीचे सैल कपडे आणि पुरेसे अन्न यांच्याबरोबर एका माणसाची सोय यादीत लिहून ठेवावी. पहिले सहा आठवडे स्वयंपाक कोण करील, बाळोती कोण धुवील आणि आई तासभर झोपावी म्हणून बाळाला कोण घेईल, यांची उत्तरे नावानिशी हवीत.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत द्यावयाची हिपॅटायटिस ‘बी’ची लस दिल्याची नोंद कार्डावर पाहावी. बाळ दूध घेईनासे झाले, अंग थंड किंवा गरम लागू लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जन्माची नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. नोंदणीसाठी बारशाची वाट पाहण्याचे कारण नाही; नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद करता येते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते.