जलपरी, सील आणि आपले मच्छिंद्रनाथ

धाराशिवमध्ये बसून जलपरीवर एपिसोड? हसा खुशाल. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, समुद्र तर लांबच राहिला. पण पाण्यातल्या नातेवाइकांच्या गोष्टी आपल्याकडंही आहेत.

शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. शंकर पार्वतीला उपदेश करत होते आणि माशाच्या पोटातल्या गर्भानं तो ऐकला, तेच मच्छिंद्रनाथ. महाभारतातली सत्यवती, म्हणजे व्यासांची आई, तीही मासोळीच्या पोटची. दोघांनाही कोळ्यांनी वाढवलं.

तिकडं स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर सेल्कीची गोष्ट सांगतात. सील किनाऱ्यावर येते, कातडं उतरवते आणि बाई होते. कुणीतरी ते कातडं लपवतो, तिच्याशी लग्न करतो. पोरं होतात. एक दिवस तिला कातडं सापडतं आणि ती समुद्रात परत जाते.

माणसाला असं का वाटतं? फोनचा कॅमेरा कधीकधी भिंतीवरच्या डागालाही चेहरा समजून चौकोन काढतो ना, आपला मेंदूही तसाच आहे. गोल डोकं, मोठे डोळे दिसले की तो म्हणतो, हा आपल्यातला. 1493 च्या जानेवारीत कोलंबसनं कॅरिबियन बेटांजवळ तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे. चित्रात असतात तेवढ्या त्या सुंदर नव्हत्या, असंही त्यात आहे! बहुतेक ते मॅनाटी होते.

पण हे नातं नुसता भास नाही. सीलच्या वल्ह्यासारख्या हातात आपल्यासारखीच पाच बोटांची हाडं असतात. मॅनाटीचा भाऊबंद डुगाँग. त्याची मादी पिलाला दूध पाजते आणि तिचे स्तन काखेजवळ असतात. तो श्वास घ्यायला दर काही मिनिटांनी वर येतो. म्हणूनच मासेमारीच्या जाळ्यात अडकला की तो पाण्यातच गुदमरून मरतो.

नातं सांगितलं म्हणून आपण त्यांना वाचवलं असंही नाही. याच कुळातली स्टेलरची समुद्रगाय 1741 मध्ये शास्त्रज्ञाच्या नजरेस पडली आणि शिकारीमुळं 1768 पर्यंत संपली. फक्त 27 वर्षांत! डुगाँगची मादी तर काही वर्षांतून एकदाच, एकच पिलू देते. म्हणजे थोडे मेले तरी भरून निघायला फार वेळ लागतो.

भारतात डुगाँग कच्छचं आखात, तमिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबारला आहेत, पण थोडेच. 2022 मध्ये तमिळनाडूनं पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं.

तेव्हा पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जलपरी सापडली’ असा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करू नका. त्याऐवजी ग्रुपवर डुगाँगचा फोटो टाका आणि सांगा, खरी ही आहे, आणि अजून जिवंत आहे.