जहाजाचे प्रवासी आणि आपला कसारा घाट



आपले मुंबईला जाणे होते ते दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, नाहीतर कुणाच्या लग्नाला. पहाटेचे उठलेलो असतो. गाडीत बसलो की इगतपुरी यायच्या आत डुलकी लागते आणि डोळे उघडतात ते कल्याणला. मधला घाट झोपेतच जातो. असाच एक घाट पाहायला जगाच्या दुसऱ्या टोकाला माणसे समुद्रातून येतात आणि वर पैसे मोजतात. आधी त्यांची हकीकत सांगतो.

अमेरिकेच्या अलास्का या बर्फाळ मुलखात समुद्रकाठी स्कॅग्वे नावाचे गाव आहे. कायमची वस्ती हजाराच्या आसपास, आपल्याकडच्या लहान खेड्याएवढी. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची प्रचंड जहाजे सकाळी धक्क्याला लागतात आणि संध्याकाळी सुटतात. प्रवाशाच्या हाती एवढाच एक दिवस. त्या दिवसात पुष्कळ जण एकच गोष्ट करतात. जवळूनच सुटणारी छोटी रेल्वे धरून व्हाइट पास नावाच्या खिंडीपर्यंत जातात आणि परत येतात. रूळ तीन फुटी. सुमारे ३२ किलोमीटरांत गाडी २,८६५ फूट वर चढते.

ही रेल्वे काही हौसेसाठी बांधलेली नाही. १८९६ साली पलीकडे कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि लाखभर माणसे तिकडे धावली. सामान पाठीवर आणि घोड्यांवर लादून त्यांनी ही खिंड ओलांडली. घोडे तर हजारोंनी मेले. रेल्वेचे काम सुरू झाले १८९८ साली, पुरे झाले १९०० साली. तोवर सोन्याची लाट ओसरली होती. पुढे खाणींच्या मालावर ती चालली, १९८२ साली खाणी बंद पडल्याबरोबर तीही बंद पडली आणि १९८८ पासून पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली.

आता आपल्याकडे या. नेमकी हीच गोष्ट आपल्या घाटात ३५ वर्षे आधी घडून गेली आहे. फक्त सोन्याच्या जागी कापूस ठेवा.

मुंबईहून येणारी रेल्वे १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत आली. त्याच महिन्यात वर इगतपुरी ते नाशिक हा मार्गही सुरू झाला. खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये सह्याद्री! त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदराकडे निघाला, पण घाट उतरायचा तो आग्रा रोडने, बैलांच्या मानेवर. कसारा ते इगतपुरी रेल्वे सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला. त्याच वर्षाच्या एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस गडगडला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. भाव होता तेव्हा वाट नव्हती, वाट झाली तेव्हा भाव गेला. कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

फरक एवढाच, की त्यांचा घाट आज पाहुण्यांवर जगतो आणि आपला अजून मालावर आणि माणसांवर चालतो.

हा घाट बांधणे सोपे काम नव्हते. सुमारे १५ किलोमीटरांत जवळजवळ ३०० मीटर चढायचे होते. १८६५ च्या मूळ मार्गावर १३ बोगदे खणले गेले. इंग्रजी कागदांत ज्याला एहेगाव म्हणतात तो पूल पावणेदोनशे फुटांहून जास्त उंच आहे. सुरुंग लावणारी, दगड वाहणारी माणसे आपल्याच देशातली होती. किती तरी जण तापाने, पटकीने आणि दरडीखाली गेले. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

घाटातला सर्वांत तीव्र चढ आहे ३७ ला १. म्हणजे ३७ हात पुढे गेलात की एक हात वर. शेतकऱ्याच्या भाषेत हा पावणेतीन टक्के उतार झाला. एवढ्या उताराच्या शेतात आपण बांध घालतो आणि निवांत पेरतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्याला एवढा चढही डोंगर. म्हणून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात आणि इगतपुरीला सोडतात. वंदे भारतला तशी गरज पडत नाही, तिचे बळ डब्याडब्यांत वाटलेले असते. उतरताना धोका उलटा. गाडीचा ताबा सुटला तर तिला बाजूला वळवून थोपवण्यासाठी घाटात वेगळा फाटा ठेवलेला आहे.

जहाजातून उतरून आपल्या घाटाने गेलेला एक पाहुणा सगळ्या जगाला ठाऊक आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या कादंबरीचा तो नायक. १८७२ सालच्या ऑक्टोबरात दुपारी साडेचारला तो मुंबई बंदरात उतरतो आणि रात्री आठची कलकत्त्याची गाडी धरतो. मौज अशी, की घाट आणि नाशिक दोन्ही त्याच्या रात्रीतच मागे पडतात. म्हणजे तोही आपल्यातलाच!

तुम्ही मात्र दिवसा जा. गौरी-गणपती झाले, की गोडीबार छाटणीला आणि सोयाबीन काढणीला जरा अवकाश असतो. डोंगर हिरवा असतो, कड्यांवरून पाणी पडत असते. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस सकाळी आपल्याला घाटातून उजेडी नेते. तिकिटे आधी काढा. खिडकीजवळ घरच्या बाईला बसवा. पोरे काय, कशीही पाहतात. नाशिकरोडहून निघाल्यावर शेतांवर नजर ठेवा. द्राक्षाचे मांडव संपतात, इगतपुरीकडे भाताची खाचरे लागतात. तिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास आणि निफाडकडे त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. तासाभराच्या प्रवासात एवढा फरक. पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा मुलांना इथे खिडकीतूनच दाखवता येतो. दारात कुणाला उभे राहू देऊ नका. बोगद्यात हात बाहेर काढायचा नाही, हे पोरांना दोनदा सांगा.

मुंबईत गेटवेला जा. जवळच बॅलार्ड पिअरला २०२५ साली पर्यटक जहाजांसाठी नवे टर्मिनल झाले आहे. बंदराच्या आत आपल्याला सोडत नाहीत, पण लाँचमधून घारापुरीला जाताना बंदरातली जहाजे दिसतात. लेणी सोमवारी बंद असतात आणि समुद्र खवळला असेल तर लाँच सुटत नाही. पलीकडे न्हावाशेवा. आपली द्राक्षे थंड कंटेनरमध्ये बसून युरोपला निघतात ती तिथून. ज्यांनी डबा भरला त्यांनी ते पाणी एकदा पाहायला हरकत नाही.

परतीच्या पंचवटीला घाटात अंधार पडतो. कसाऱ्याला गाडी थांबली की मागून हलकासा धक्का बसेल, तेव्हा मुलांना जागे करा आणि काय झाले ते विचारा.

सायंकाळची धार काढायला कोण येणार, ते मात्र शेजाऱ्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. पुढच्या आठवड्यात ते कुटुंब निघाले, की त्यांच्या गोठ्यावर तुम्ही जा.